पीडीएफ मोबाईलमध्ये, मग झेरॉक्स कशाला?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळी पुस्तकं मोबाईलमध्ये आहेत म्हणते आणि परीक्षा जवळ आली की झेरॉक्सला पैसे मागते. हे काय गौडबंगाल आहे?
– एक पालक, मंगळवेढा

उत्तर : पैसे द्या, मुलगी फसवत नाही. पीडीएफ फुकट मिळते आणि दप्तरात वजन होत नाही, म्हणून ती पोरांना हवी असते. पण अभ्यासाला बसलं की कागदच लागतो. अमेरिकेतल्या प्राध्यापक नाओमी बॅरन यांनी भारतासह पाच देशांतल्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ९२ टक्क्यांनी लक्ष कागदावरच नीट लागतं असं सांगितलं. पुढे २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातही माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो असं दिसलं. कथा वाचताना मात्र फारसा फरक पडला नाही.

मराठी माध्यमाच्या पोरांची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या हाती येणारी पीडीएफ बऱ्याचदा पुस्तकाचे फोटो काढून केलेली असते, नाहीतर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली. तिच्यात ‘ग्रामपंचायत’ शोधायला जा, काही सापडत नाही. म्हणजे डिजिटलचा मुख्य फायदाच गेला. वर मोठ्या आकाराचं पान बोटभर पडद्यावर: अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर जाते, प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवा. तेवढ्यात वरून व्हॉट्सॲप डोकावतं! आणि पेपर शेवटी पेनानंच लिहायचा असतो.

डिजिटल म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. तिथं पुस्तक कागदाचंच राहिलं, कोडनं फक्त आवाज आणि चित्रफीत पुरवली. माझ्या मते हीच वाटणी शहाणपणाची.

एक करा. मुलीला कॉलेजच्या ग्रंथपालांकडे पाठवा आणि ‘एन-लिस्ट’ या कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकांच्या योजनेचं लॉगिन आहे का ते विचारायला सांगा. कॉलेज सदस्य असेल तर हजारो ई-पुस्तकं अधिकृतपणे वाचता येतात. बहुतेक इंग्रजी आहेत, पण संदर्भाला उपयोगी पडतात. आणि झेरॉक्स काढायचीच तर अख्ख्या पुस्तकाची नको, लागतील तेवढ्याच प्रकरणांची काढा. नेमलेलं मुख्य पुस्तक मात्र विकतच घ्या.