गाडी दिवसभर पळते, मग बॅटरी का उतरते?

प्रश्न : माझी २००३ सालची डिझेल जीप आहे. या पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. ढकलून चालू केली, की आंबा घाट चढून कोल्हापूरपर्यंत बिनतक्रार जाते. नवी बॅटरी घातली, तीही पंधरा दिवसांत उतरली. अल्टरनेटर बिघडला असता तर गाडी वाटेतच बंद पडली नसती का? हल्ली ब्रेकही जरा कडक लागतो, पण तो विषय वेगळा.
— एक वाचक, पावस

उत्तर : तो विषय कदाचित वेगळा नाही, ब्रेककडे शेवटी येतोच.

पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी सतत वीज लागते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. जुन्या गाड्यांतला यांत्रिक फ्युएल पंपही इंजिनच फिरवतं. काही गाड्यांत डिझेल अडवणाऱ्या सोलेनॉइडला थोडी वीज लागते, तेवढीच. त्यामुळे अल्टरनेटर मेला तरी कोरड्या दिवसात तुम्हाला पत्ताही लागत नाही. पावसाळी रात्री मात्र हेडलाइटचे दहाएक अँपिअर, त्यात वायपर आणि ब्लोअर, असा पंचवीसच्या आसपास भार पडतो. तो सगळा बॅटरीवर आला तर ती तीनेक तासांत रिकामी होते. आणि सकाळी सेल्फला क्षणभर का होईना, दोन-तीनशे अँपिअर हवे असतात.

तेव्हा तिसरी बॅटरी घेऊ नका. त्याऐवजी साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा, आणि हेडलाइट-ब्लोअर लावल्यावरही साडेतेराच्या खाली फारसा जाऊ नये. तो बारावरच रेंगाळत खाली येत असेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) बिघडलाय; असा अल्टरनेटर बॅटरीचं पाणी उकळून तिला मारतो.

चार्जिंग नाही म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवायचा नाही. आधी पट्टा पाहा : ढिला आहे का, ओला होऊन किंचाळतो का. मग आपल्या किनाऱ्याची खास खोड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. इंजिन ते चासी अशी अर्थिंगची पट्टी आतून सडते आणि बाहेरून धडधाकट दिसते. लाइट लावून, इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवा. ०.२ व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष अर्थिंगचा. तसंच अल्टरनेटरचा जाड वायरचा बोल्ट आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह यांमध्येही तपासा. चांगले अल्टरनेटर या एका पट्टीपायी बदलले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो का? तो लागतच नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा अल्टरनेटरचे कार्बन (ब्रश) झिजलेत. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा करणारा पहिला प्रवाह याच दिव्यातून जातो, त्यामुळे क्षुल्लक बल्बही चार्जिंग थांबवू शकतो. चार्जिंग ठीक असूनही बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर अल्टरनेटरमधला डायोड गळतोय असा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना मीटर एसीवर लावून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर तो संशय पक्का धरा.

एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका : चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का बघू’. डिझेल गाडीत त्यातून काही कळत नाही, आणि व्होल्टेजचा झटका बसून धड असलेले डायोड आणि कटआउट मात्र जळतात.

आता ब्रेक. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत पेट्रोलसारखी निर्वात ओढ तयार होत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरला वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. बोलेरो, सुमो अशा गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल मिळतं. त्याचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरच्या आत उतरतं, कार्बन चिकटतात, चार्जिंग जातं. पंप कमजोर झाला असेल तर ब्रेकही कडक होतो. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येत असू शकतात. अल्टरनेटरच्या मागे ऑइलचा ओघळ दिसतो का पाहा. मग इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, तसंच दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर पंप, त्याचा पाइप आणि बूस्टर तपासून होईपर्यंत ही जीप आंबा घाटात नेऊ नका.