मुका हेडफोन : दोष नेमका कोठे?

वसतिगृहातील मूल इंग्रजीचे उच्चार किंवा विज्ञानाचा ध्वनिमुद्रित पाठ हेडफोन लावून ऐकते, तेव्हा त्याचे सारे शिक्षण एका बारीक तारेवर अवलंबून असते. आवाज बंद पडला तरी लाजरे मूल तक्रार करीत नाही. ते पडद्याकडे पाहत स्वस्थ बसते आणि शिक्षकांना वाटते, याचे लक्षच नाही. दुसरीकडे, दानातून मिळालेला संगणक ‘बिघडलेला’ ठरून कोपऱ्यात जातो. वास्तविक हा दोष बहुधा किरकोळ असतो.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. येथेही आरंभ पारखण्यापासूनच करावा. बंद वाटणारा हेडफोन मोबाइलला लावून पाहावा आणि चालू असलेला दुसरा हेडफोन संगणकाला. दोष कोणाचा, हे मिनिटभरात कळते.

दोष संगणकाचा निघाल्यास पिन मागील बाजूच्या हिरव्या खाचेत घालावी. गुलाबी खाच मायक्रोफोनची असते. घाईत पिन तिच्यात जाणे नित्याचेच. मागे आवाज येतो, पुढे येत नाही, असे असल्यास पुढील खाचेपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी तार तपासावी. साफसफाईसाठी पेटी उघडली की ही तार अनेकदा निसटते. वीजजोडणी काढूनच पेटी उघडावी, हे सांगणे नको.

दोन्हीकडे शांतता असेल, तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील ध्वनिचिन्हावर टिचकी द्यावी. एचडीएमआय तारेने मॉनिटर जोडलेला असला की विंडोज कधी कधी आवाज त्या मॉनिटरकडेच पाठवते. मॉनिटरला स्पीकर नसला तर काहीच ऐकू येत नाही. यादीतून हेडफोन निवडावा. यादीत तो नसेलच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनियंत्रणेचा ड्रायव्हर तपासावा.

सर्वांत फसवा दोष मात्र वेगळाच आहे. संगीत ऐकू येते, पण बोलणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो किंवा नाहीसाच होतो. पाठ ऐकणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट काय? साध्या हेडफोनच्या पिनेवर दोन काळ्या पट्ट्या व तीन धातूचे भाग असतात : डाव्या कानाचा, उजव्या कानाचा आणि दोघांचा सामाईक. सामाईक भागाचा स्पर्श तुटला की दोन्ही बाजूंचे समान ध्वनी परस्परांना नाहीसे करतात, आणि निवेदकाचा आवाज तर दोन्ही बाजूंना सहसा सारखाच असतो. पिन अर्धवट बसली किंवा तार आतून तुटली की हे घडते. मोबाइलच्या हेडफोनला तीन पट्ट्या व चार भाग असतात; तो संगणकाच्या खाचेशी जुळला नाही तरी हाच अनुभव येतो. मायक्रोफोनचे बटण दाबून धरताच आवाज सुधारला, तर कारण हेच समजावे. अशा वेळी ध्वनी व मायक्रोफोन वेगळे करणारी, योग्य जोडणीची दुफाटी तार घ्यावी.

खाचेत धूळ असल्यास संगणक बंद करून हलकी फुंकर मारणारा ब्लोअर वापरावा; टाचणी घालू नये. खाच खरोखरच मोडली असेल, तरी यूएसबीला जोडावयाचे लहानसे ध्वनियंत्र मिळते. त्यासाठी अख्खा संगणक मोडीत काढण्याचे कारण नाही. तासाच्या आरंभी प्रत्येक मुलाला आधी डाव्या, मग उजव्या कानात आवाज येतो का, हे विचारावे आणि उत्तर हात वर करून घ्यावे.