हत्यार जमा करण्यात कमीपणा नाही

नळदुर्ग, ता. तुळजापूर
दि. 5 ऑक्टोबर 2025

चि. विशाल यास,


तुझी कंपनी गडचिरोलीला बंदोबस्तासाठी निघाल्याचं तुझ्या आईने, अक्काने सांगितलं. तिनं तुळजाभवानीला नवस बोललाय. तिचं काळीज कसं असेल ते तू समजून घे. मी राज्य राखीव पोलीस दलात हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण रायफल कशी धरावी, कशी उघडून पुसावी हे सांगायला हे पत्र नाही. ते तू शिकून आलास. शिकवायचं राहून जातं ते लिहितो.

व्हॉट्सॲपवर रायफल घेतलेला तुझा फोटो पाहिला. तो काढून टाक. शेजारच्या बीडमध्ये डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. तो पिस्तुलाने झाला नव्हता, पण त्यानंतर कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे आणि हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले आणि प्रशासनाला शंभरावर परवाने रद्द करावे लागले. त्यांची ती ऐट होती. तुझ्या हातातलं हत्यार सरकारी आहे, त्यावर नंबर आहे आणि प्रत्येक राऊंडचा हिशेब आहे. ऐटीला तिथं जागा नाही.

आता मुद्द्याचं. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारी रायफलीने आपल्याच सहायक उपनिरीक्षकाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घालून मारल्याचा आरोप आहे. खटला कोर्टात आहे. पण सोबतच्या शिपायाने जबाबात सांगितलं ते लक्षात ठेव: तब्येत बरी नाही, मला मध्येच उतरू द्या, असं तो त्या रात्री म्हणत होता. ड्युटी पुरी कर, असं त्याला सांगण्यात आलं. आणि रायफल त्याच गाडीत होती.

यातून आजारानेच माणसं मारली, असा उलटा अर्थ काढू नकोस. मारलेले तिन्ही प्रवासी मुसलमान होते, आणि धर्मावरून द्वेष पसरवल्याचं कलमही त्याच्यावर लागलं. तो द्वेष आजाराच्या खात्यावर टाकता येणार नाही. मन दुखावलेली माणसं लाखांनी आहेत. ती कुणाच्या जिवावर उठत नाहीत, उठली तर बहुधा स्वतःच्याच. म्हणून तर सांगतो, ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याच्या हाती त्या दिवशी हत्यार नको. हा नियम दुसऱ्यांच्या आधी तुझ्या स्वतःसाठी आहे.

आपल्या जिल्ह्याला मनावरची जखम नवी नाही. 13 सप्टेंबर 1948 ला नळदुर्ग भारतीय फौजेच्या हाती आलं. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली, त्यानंतर सूड घेणाऱ्यांनी मुसलमान वस्त्यांवर हात टाकला. त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद धरला होता. दोन्हीकडच्या घरांनी ते दिवस पोटात ठेवले आणि कामाला लागले.

मग 30 सप्टेंबर 1993. गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. सास्तूरला ढिगारे उपसायला आमची तुकडी होती. सरकारने पुढं 52 गावं नव्या जागी वसवली. घरांचं पुनर्वसन झालं; ज्यांनी प्रेतं उचलली त्यांचं काय झालं, हे विचारायची तेव्हा पद्धतच नव्हती. आमच्यातला एक गडी पुढं कित्येक वर्षं रात्री ट्रक गेला की बराकीतून बाहेर पळायचा. त्याची चेष्टा व्हायची. त्याला झोपेसाठी दारू मिळाली, डॉक्टर मिळाला नाही.

तुला डॉक्टर मिळू शकतो. शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा 2015 पासून सरकारने मराठवाडा आणि विदर्भाच्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प चालवला, त्यात आपला जिल्हाही होता. आशाताई घरी येऊन शेतकऱ्याला झोपेचं, उदासीचं विचारू लागल्या. 2017 च्या कायद्याने मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरला. 14416 हा टेलिमानसचा नंबर रात्री कधीही, फुकट, मराठीत बोलतो. तो फोनमध्ये आत्ताच घालून ठेव.

काही वाईट पाहिलंस, तर पहिले काही दिवस झोप उडेल, जेवण जाणार नाही. तेवढ्यानं घाबरू नकोस. पण महिना उलटला तरी तेच स्वप्न पडतं, टायर फुटला तरी अंग थरथरतं, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते किंवा काहीच वाटेनासं होतं, तर ती भित्रेपणाची लक्षणं नाहीत. ती दुखापत आहे, आणि तिच्यावर उपचार आहे. रुग्णनिवेदन कर, म्हणजे आजारी असल्याचं रीतसर कळव. आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तर महिना कसला, तासभरही थांबू नकोस. तसाच कोतावर, म्हणजे शस्त्रागारात जा, हत्यार जमा कर आणि सोबत्याला सांग. कंपनीत कुणी ऐकलं नाही तर ओआरमध्ये (ऑर्डरली रूममध्ये) समादेशकांपुढं उभा राहा. दारूला जवळ करू नकोस. ती झोप देत नाही, नुसतं पाडते.

सोबती नावं ठेवतील, बढती अडेल, ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. खात्यात अजून तसं होतं. पण अडलेली बढती पुढच्या यादीत येऊ शकते. सुटलेली गोळी परत येत नाही.

आज तू शिपाई आहेस. उद्या हवालदार होशील, ड्युट्या लावशील. एखादं पोरगं येऊन म्हणेल, "दादा, आज बरं वाटत नाही." तेव्हा माणसं कमी असतील, वरून फोन येत असतील. तरी त्याची रायफल आधी घे, त्याला बसव आणि विचार. तो सुट्टीसाठी बहाणा करत असेल तर एक पहारा जाईल, एवढंच.

अक्काला आठवड्यातून दोनदा फोन कर. तिला "बरंय" एवढंच सांगितलंस तरी चालेल. मला मात्र झोप लागते की नाही, ते खरं सांग.

कळावे,
तुझा मामा