वाळवंटातील अग्निबाणांची जत्रा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी आठवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, बाटलीत उभा करून सोडलेला बाण वर जातो, फुटतो, हे सगळे दिसते. पण त्याची काडी कुठे पडते?" मी भाषेचा शिक्षक, तास कवितेचा होता. "पडत असेल कुठेतरी" असे म्हणून मी वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. दरवर्षी शेकडो बाण आपण आकाशात सोडतो आणि त्यांच्या काड्यांचे काय झाले याची विचारपूस, कोणाच्या गवताच्या उडवीला आग लागल्याखेरीज, कधीही करीत नाही. या प्रश्नाचा मागोवा घेता घेता मी ज्या विषयापाशी पोहोचलो तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. अमेरिकेत हजारो हौशी माणसे स्वतः मोठमोठे अग्निबाण बांधून वाळवंटात सोडतात, आणि त्यांच्या मेळ्यात प्रत्येकाला आधी विचारला जाणारा प्रश्न "वर किती जाईल?" हा नसून "खाली कसा येईल?" हा असतो.

नेव्हाडा राज्यात गेर्लाक नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या उत्तरेस ब्लॅक रॉक नावाचे वाळवंट पसरले आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. येथे तसे काही नाही. हिमयुगात या भागात लाहोन्टन नावाचे विशाल सरोवर होते. ते आटले आणि त्याचा तळ तेवढा उरला. हा तळ म्हणजे भाजलेल्या मातीची, मैलोगणती पसरलेली सपाट जमीन. तिच्यावर झाड नाही, दगड नाही, घर नाही. हिवाळ्यात तिच्यावर पाणी साचते, उन्हाळ्यात ते सुकून जाते आणि जमीन जणू सारवल्यासारखी पुन्हा गुळगुळीत होते. १९९७ साली ध्वनीहून अधिक वेगाने, ताशी १,२२८ किलोमीटर, धावणारी मोटार याच जमिनीवर धावली, यावरून तिच्या सपाटीची कल्पना यावी. वरून काही पडले तर कोणाच्या डोक्यावर पडू नये, आणि पडलेली वस्तू दुरून दिसावी, या दोन्ही गोष्टींना याहून सोयीची जागा सापडणे कठीण.

ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन ही हौशी लोकांची संस्था आपला 'बॉल्स' नावाचा वार्षिक मेळा सप्टेंबर महिन्यात येथे भरविते. मेळ्यापूर्वी विमानवाहतूक खात्याची परवानगी घ्यावी लागते. ठराविक वेळी ठराविक उंचीपर्यंतचे आकाश यांच्यासाठी राखले जाते व वैमानिकांना तशी सूचना जाते. लोक गाड्या, तंबू, पाण्याची पिंपे व खाण्याचे सामान घेऊन येतात, कारण तेथे दुकान नाही आणि सावलीही नाही. बारीक पांढरी धूळ मात्र भरपूर. एकूण थाट आपल्याकडील जत्रेचाच. फरक एवढाच की पालखीच्या जागी येथे माणसाच्या उंचीहून उंच, रंगविलेला अग्निबाण खांद्यावरून मिरवत नेला जातो.

तथापि या जत्रेत शिस्त मोठी कडक असते. अग्निबाण प्रथम तपासणीच्या मेजावर ठेवावा लागतो. सुरक्षा-अधिकारी त्याचे पर हलवून पाहतो, तोल पाहतो, आतील दोऱ्या व हवाई छत्री कशी बांधली ते विचारतो. उत्तर पटले नाही तर अग्निबाण परत. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर गेला तर उड्डाण बंद. अग्निबाण ज्या उभ्या रुळावरून सुटतो तो सरळ रेषेपासून वीस अंशांपेक्षा अधिक कलता कामा नये. पेटविणे विजेच्या तारेने, दुरून. मोठ्या इंजिनाच्या अग्निबाणापासून माणसांनी निदान दीडशे मीटर दूर उभे राहिले पाहिजे. इंजिन वाढेल तसे हे अंतरही वाढते. मग ध्वनिक्षेपकावरून उलटी मोजणी होते. प्रथम ज्वाला दिसते, आवाज मागाहून येतो, आणि लोक टाळ्या न वाजविता वर पाहत राहतात. छत्री उघडलेली दिसली म्हणजे मग टाळ्या.

इंजिनांची वर्गवारी इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांनी केली जाते, आणि तिच्यातील गणित मोठे मौजेचे आहे. इंजिन किती जोराने व किती वेळ रेटा देते याचा गुणाकार म्हणजे त्याचा एकूण आवेग. तो न्यूटन-सेकंदांत मोजतात. 'ए' वर्गाची कमाल मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद. 'बी'ची पाच, 'सी'ची दहा, याप्रमाणे प्रत्येक अक्षराला दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. 'एम' हे 'ए'पासून बारा पायऱ्यांवरचे अक्षर; म्हणजे 'एम'ची मर्यादा 'ए'च्या ४,०९६ पट, १०,२४० न्यूटन-सेकंद! शाळकरी मुले खेळतात ती इंजिने पहिल्या काही अक्षरांची. 'एच'पासून पुढची इंजिने हवी असतील तर परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीस 'एच' किंवा 'आय' इंजिनाचा अग्निबाण स्वतः बांधून परीक्षकासमोर सोडावयाचा. दुसरीस लेखी परीक्षाही. तिसरीस, म्हणजे 'एम' व त्यापुढे, आराखडा आधी जाणत्यांकडून तपासून घ्यावयाचा. तिन्ही पायऱ्यांवर अट एकच, की अग्निबाण सुस्थितीत परत आला पाहिजे. कितीही उंच जाऊन तो मोडून पडला, तर परीक्षार्थी नापास.

इंधनाविषयी थोडक्यात. ते आपल्या फटाक्यातील दारूसारखे नसते. रबरासारख्या चिकट पदार्थात अमोनियम परक्लोरेट नावाचा क्षार व ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून ते घट्ट केलेले असते. ते स्फोट न पावता जळत जाते. सरकारी खात्याने त्याला स्फोटकांच्या यादीत घातले तेव्हा हौशी संस्थांनी २००० साली न्यायालयात धाव घेतली आणि नऊ वर्षे झगडून, २००९ साली, तो निर्णय रद्द करून घेतला. अशाच जातीच्या घन इंधनाचे संशोधन आपल्या देशात थुंब्याला झाले. त्यात पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तीन किलोमीटर उंच गेलेला अग्निबाण शिखरावर पोहोचताच मोठी छत्री उघडून सेकंदाला सहा मीटर वेगाने उतरू लागला असे समजा. त्याला जमिनीवर यावयास पाचशे सेकंद लागतील. वारा सेकंदाला पाच मीटर असेल तर तो अडीच किलोमीटर दूर वाहून जाईल. यावर हौशी लोकांनी युक्ती काढली आहे. शिखरावर केवळ एक लहानशी छत्री सोडावयाची, म्हणजे अग्निबाण सेकंदाला पंचवीसएक मीटर वेगाने, परंतु ताब्यात राहून, खाली येतो. जमिनीपासून अडीचशे मीटरवर आल्यावर मोठी छत्री उघडावयाची. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे : पहिल्या टप्प्यास ११० सेकंद, दुसऱ्यास सुमारे ४२, मिळून १५२ सेकंद, वाहून जाण्याचे अंतर अवघे ७६० मीटर. छत्री केव्हा सोडावयाची हे आतील उंचीमापक ठरवितो. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो; तो घटावयाचा थांबून पुन्हा वाढू लागला की शिखर आले असे यंत्र समजते. पण अग्निबाण ध्वनीचा वेग ओलांडतो तेव्हा त्याच्या अंगावरील दाब एकाएकी बदलतो आणि यंत्र फसते. त्या भर वेगात छत्री सुटली तर तिच्या चिंध्या होतात. म्हणून तेवढा वेळ यंत्राने दाबाकडे लक्षच देऊ नये अशी व्यवस्था आत करून ठेवतात. मोठ्या अग्निबाणात तर दोन स्वतंत्र यंत्रे बसवितात. एक चुकले तरी दुसरे जागे असावे.

माणूस मात्र चुकतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी, शंभर किलोमीटर ही अवकाशाची सीमा ओलांडावयाचीच, असा निश्चय केला होता. हौशी लोकांच्या एका चमूने ब्लॅक रॉकवरूनच १७ मे २००४ रोजी सुमारे ११५ किलोमीटर उंची गाठून ती ओलांडली होती. परंतु विद्यार्थ्यांना ते साधले नव्हते. त्यांचे २०१३ व २०१४ सालचे पहिले दोन 'ट्रॅव्हलर' अग्निबाण सुटल्यावर काही क्षणांतच नष्ट झाले. तिसरा २०१८ साली उत्तम सुटला. परंतु उड्डाणापूर्वी आतील यंत्रणा सुरूच केलेली नव्हती. बटण दाबावयाचे राहिले! अनेक महिन्यांचे श्रम आकाशात गेले आणि तो किती उंच गेला याचा पुरावा कोणापाशीही उरला नाही. त्या संध्याकाळी त्या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना गणिताच्या पेपरात शेवटचे पान उलटावयाचे विसरलेल्या विद्यार्थ्यास करता येईल.

त्यांनी चौथा बांधला. २१ एप्रिल २०१९ रोजी न्यू मेक्सिको राज्यातून तो सुटला आणि १०३.६ किलोमीटरवर गेला. मला या आकड्याहून त्यापुढील वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. आमच्या मोजमापात सुमारे पाच किलोमीटरची चूक इकडे किंवा तिकडे संभवते, सबब सीमा ओलांडली असल्याची खात्री शंभरात नव्वद, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. मग २० ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा 'आफ्टरशॉक दोन' ब्लॅक रॉकवरून सुमारे १४३ किलोमीटर उंच गेला. ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाने हवा कापताना त्याच्या परांच्या टायटॅनियमच्या कडा इतक्या तापल्या की, परत हाती आल्या तेव्हा त्या निळ्या पडलेल्या होत्या.

आपल्या देशात परवान्यावाचून स्फोटके बनविणे हा १८८४ सालापासूनच्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि काड्यापेटीचे गूल खरवडून नळीत ठासणाऱ्या मुलांची बोटे कशी जातात हे मी येथे वर्णन करू इच्छित नाही. वर्गाच्या हट्टास्तव आम्ही दुसरा मार्ग धरला. सरबताची प्लॅस्टिकची दोन लिटरची बाटली घेतली, तिसरा हिस्सा पाणी भरले, सायकलच्या पंपाने हवा कोंडली आणि टोकाशी छत्रीच्या जुन्या कापडाची लहान छत्री बांधली. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्यास मी सुरक्षा-अधिकारी नेमले. त्याने सर्वांना पंधरा पावले मागे सारले, मलासुद्धा. पहिल्या तीन खेपांस छत्री उघडली नाही. चौथ्या खेपेस उघडली, वाऱ्यावर तरंगली आणि मैदानाच्या कडेच्या माडाच्या झावळीत जाऊन अडकली. सोमवारी नारळ पाडावयास आलेल्या पाडेल्याने ती खाली आणून दिली, आणि हे काय आहे म्हणून विचारले. मी काही बोलण्यापूर्वीच त्या विद्यार्थ्याने त्याला पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली होती.