खिळा मारण्याआधी थोडं ऐक

चावी हातात आली ना? आता पहिला आठवडा तू रिकाम्या भिंतींकडे बघत काढणार. डोक्यात रंग, पडदे, फ्रेमा, आणि कानात आत्या-मावश्यांचं ठरलेलं वाक्य, "भाड्याचं घर ते, कशाला एवढा खर्च? स्वतःचं झालं की करा हौस." खरं सांगू? हे वाक्य अर्धं बरोबर आहे. खर्चाबद्दलचं. हौसेबद्दलचं मुळीच नाही. स्वतःचं घर कधी होईल ते बँक आणि बिल्डर ठरवणार. तोवर काय खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून आणि भिंतीला टेकवलेल्या सुटकेसांवर कपडे ठेवून राहायचं? मांडून राहा, नीट राहा. फक्त पैसा कुठे घालायचा याचं भान ठेव.

माझा हिशेब सरळ आहे. घर सोडताना जे टेम्पोत चढेल, त्यावर मनापासून खर्च कर. जे भिंतीत, फरशीत, छतात राहून जाईल, त्यावर एक रुपया घालण्याआधी मालकाला विचार. बाकी सगळं याच्यातच आलं.

आता कंटाळा न करता करार काढ. हो, तोच लीव्ह अँड लायसन्सचा, एजंटच्या मशीनवर अंगठा टेकवून, फोटो काढून, न वाचता उरकलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणी असेल तर मात्र कागद बोलतो. त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते तुला तोंडपाठ हवं. तीन गोष्टी शोध: बांधकामात किंवा रचनेत बदल करू नये हे वाक्य (ते असतंच), सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापण्याची अट, आणि सोबत दिलेल्या वस्तूंची यादी. पंखे किती, गिझर चालू की बंद, कपाटाच्या किल्ल्या किती. रंगाची अट असेल आणि शेवटी पैसे कापलेच जाणार असतील, तर निदान चार खिळ्यांची परवानगी मागताना तुझी बाजू जड आहे, एवढं लक्षात ठेव.

सामान लावायच्या आधी घराचा व्हिडिओ काढ. हौशी नव्हे, सरकारी पंचनाम्यासारखा. प्रत्येक भिंत, आधीच्या भाडेकरूची भोकं, बाथरूमची तडकलेली टाइल, सिंकखालची ओल, दाराचा सुटलेला सनमायका. त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, खाली नम्रपणे लिही, "काका, ताबा घेतानाची स्थिती म्हणून पाठवते आहे." तारीख आपोआप पडते. निघताना एखादा डाग तुझ्या नावावर लागायला लागला की हीच क्लिप तुझ्या बाजूने बोलेल.

परवानगी मागायचीही एक रीत असते. "थोडं डेकोरेशन करू का?" असं मोघम विचारलंस की मोघमच उत्तर येतं, नाहीतर सरळ नाही येतं. मालकांच्या डोळ्यांसमोर लगेच फुटलेली भिंत उभी राहते. नेमकं विचार: "काका, हॉलच्या आतल्या भिंतीवर चार स्क्रू मारून पुस्तकांची फळी लावायची आहे. सोडताना भोकं बुजवून रंगाचा हात मारून देईन." जागा, संख्या, आणि परत कसं करणार, तिन्ही एका मेसेजमध्ये. फोनवर हो म्हणाले तरी नंतर "तुम्ही परवानगी दिलीत त्याबद्दल आभार" असं लिहून टाक. संशय म्हणून नव्हे गं. वर्ष-दीड वर्षाने कोण काय बोललं होतं हे दोघांनाही आठवत नाही. आणि घर रंगवायलाच झालं असेल तर धीर करून विचार: रंग तुम्ही आणा, मजुरी मी देते. किंवा मी करून घेते, भाड्यातून वळते करा. पुष्कळ मालक तयार होतात, कारण घर त्यांचंच सुधारतं. शेडचा नंबर मात्र डब्यावरून टिपून ठेव.

आता सजावट. सुरुवात उजेडापासून कर, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. भाड्याच्या घरात बहुधा पांढराफटक प्रकाश असतो, खोक्यावर ६५०० के लिहिलेला. अभ्यासाला, स्वयंपाकाला ठीक. पण संध्याकाळी त्यात माणूसही आजारी दिसतो. बसायच्या खोलीसाठी २७०० किंवा ३००० केचा पिवळसर एलईडी घे, आणि कोपऱ्यात एक उभा दिवा ठेव, ज्याला फक्त प्लग लागतो. छताला हात नाही, भिंतीला भोक नाही. काढलेले जुने बल्ब-ट्यूब मात्र नाव घालून एका खोक्यात ठेव. निघताना ते परत जागेवर लागतात आणि तुझे चांगले दिवे तुझ्याबरोबर येतात.

मग पडदे. तयार पडदे साधारण पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात: खिडकी, दार आणि उंच दार. पण प्रत्येक घराची खिडकी वेगळी, म्हणून दर वेळी नवे पडदे घेत बसलीस तर त्यातच बुडशील. शिंप्याकडून शिवून घे आणि खाली चांगली वीतभर दुमड ठेवायला सांग. पुढच्या घराची खिडकी मोठी निघाली तर उसवून खाली सोडता येते. रॉड आधीचा असेल तर उत्तम. नसेल तर खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंनी दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, तो हलक्या सुती पडद्याला पुरतो. जाड पडदा त्यावर टांगू नकोस, मध्यरात्री धाडकन खाली येईल. पुण्यात आहेस तर बुरुड आळीत जा, बांबूचे चिकाचे पडदे बघ. गॅलरीच्या ग्रिलला दोरीने बांधले की झालं.

भिंतींचं जरा सविस्तर सांगते, कारण भांडणं तिथेच होतात. चिकटवायचे हुक सगळीकडे चालतात असं पाकिटावर छापतात. भिंतीला ते माहीत नसतं. टाइल, काच, सनमायका यांवर ते छान बसतात. ऑइल पेंट किंवा चांगल्या प्लास्टिक इमल्शनवरही हलकी फ्रेम धरतात. पण साध्या डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर हुक लावलास तर निघताना रंगाचा पापुद्राच घेऊन येतो. ओळखायचं कसं? काळं कापड ओलं करून कोपऱ्यात घास. रंग उतरला तर हुकाचा विचार सोड. जिथे चालतात तिथे आधी भिंत पुसून कोरडी कर, हुक दाबून बसव आणि तासभर काही टांगू नकोस. ओढायच्या पट्टीचा हुक असेल तर काढताना पट्टी भिंतीला लागूनच खाली ताणायची, अंगाकडे ओढायची नाही. साध्या गोंदाचा असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा द्यायची. टाइलवर उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो.

खिळा मारायचाच, तर जागा बघून. भिंतीवर बोटाने ठोकत जा. वीटकाम आणि काँक्रीटचा खांब यांचा आवाज वेगळा येतो. खांबात साधा खिळा वाकतो आणि भोवतीचा गिलावा उडतो. तिथे ड्रिलच लागतं. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत कधीही ठोकू नकोस, आतून वायरचे पाइप तसेच गेलेले असतात. बाथरूमच्या भिंतीचंही तेच, तिथे पाण्याचे. पेठेतल्या जुन्या वाड्यात खोली घेतली असशील तर तिथली भिंत मातीची, खिळा सैल होतच राहणार. जड काही टांगूच नकोस. पूर्वीच्या घरांत खुंट्या आणि कोनाडे असत, त्यांचाच उपयोग कर.

त्यापेक्षा भिंत भरायची तर कापडाने भर. एका हलक्या बांबूवर खणाचा तुकडा, जुन्या इरकलीचा पदर, नाहीतर आईची गोधडी टांगली की भिंत जिवंत होते, आणि त्याला दोनच हुक लागतात. मोठ्या फ्रेमा पुस्तकांच्या रॅकवर टेकवून ठेव. वॉलपेपरच्या मोहात पडू नकोस. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, कागदामागे बुरशी धरते, आणि वास येईपर्यंत कळत नाही. याच कारणाने कपाट आणि पलंगही बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेव. भिंतीवर फुगा किंवा पांढरी पावडर दिसली की लगेच फोटो काढून मालकांना कळव. ती ओल इमारतीची आहे. न सांगितल्यास तुझी ठरेल.

फरशीचं सोपं आहे. सतरंजी, सोलापुरी चादर, एखादा गालिचा. जुन्या फरशीचे डाग झाकतात आणि गुंडाळून नेता येतात.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटणारा कागद लावायची फॅशन आहे. गॅसच्या मागे मात्र लावू नकोस. उष्णतेने कडा सुटतात, मध्ये तेल जातं आणि झुरळांची सोय होते. भिंतीत बसवायच्या मांडणीऐवजी पायांवर उभी राहणारी स्टीलची मांडणी घे, किंवा चाकाची ट्रॉली. पाण्याचा फिल्टर आणि एसी यांचं आधीच बोलून घे, दोन्हीला ड्रिलिंग लागतं. एसीचा पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक पाडायचं तर मालक आणि सोसायटी, दोघांचंही हो लागतं. शिवाय काढणं, नेणं, परत बसवणं, कधी गॅस भरणं, हा सगळा खर्च धर. वर्षभरासाठीच राहणार असशील तर भाड्याचा एसी परवडेल का, तेही बघ.

गॅलरीत कुंड्या हव्यातच. पुण्यातल्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मातीच्या आण, पण प्रत्येकीखाली ताटली ठेव आणि ग्रिलच्या बाहेर, कठड्यावर एकही नको. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तुझ्या मनीप्लांटचं पाणी पडलं की सोसायटीत तुझी पहिली ओळख तीच होते. चपलांचा रॅक दाराबाहेर जिन्यात मांडू नकोस. आग लागली तर ती पळायची वाट असते. दाराला तोरण बांध, उंबऱ्यापाशी रांगोळी काढ, गुढी गॅलरीच्या ग्रिलला सुतळीने उभी कर, आकाशकंदिलाला ग्रिलचाच हुक वापर. सणावाराला घरात मालकाची भिंत लागत नाही गं. देवघर मात्र भिंतीवर ठोकण्याऐवजी चौरंगावर किंवा छोट्या टेबलावर मांड.

खरेदीला एकदम बाहेर पडू नकोस. पहिला महिना नुसती राहा. ऊन कुठून येतं, फोन चार्ज करायला कुठे बसतेस, पाहुणे कुठे टेकतात, हे कळल्याशिवाय घेतलेलं फर्निचर चुकतंच. मोठा सोफा तर घेऊच नकोस. लिफ्टमध्ये बसत नाही, जिन्याच्या वळणावर अडकतो, आणि टेम्पोवाला त्याचेच जास्त पैसे मागतो. सुटे होणारे रॅक, घडीचं टेबल, खाली सामान मावणारा दिवाण. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मार, लाकडी स्टूल-पेट्या मिळतात. फक्त लाकडाला वाळवी नाही ना, ते उलटं करून बघ. रूममेट असेल तर कोणती वस्तू कुणाच्या पैशांची, ते आजच लिहून ठेवा. नंतर मिक्सरवरून मैत्री तुटलेली पाहिली आहे मी.

आणि सोडायची वेळ येईल, तेव्हा शेवटच्या दिवसावर काही ठेवू नकोस. मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते, त्यामुळे रंगारी मुदतीच्या आतच येऊन गेलेला हवा. भोकं टूथपेस्टने बुजवायची युक्ती कुणी सांगेल, ती करू नकोस. पिवळी पडते, सुकून गळते. वॉल पुट्टी भर, वाळू दे, पॉलिश पेपरने घास. वर रंगाचा नुसता ठिपका दिलास तर त्याच शेडचाही डाग उठून दिसतो, कारण जुना रंग फिका झालेला असतो. म्हणून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला हात मार. मग जुने दिवे परत लाव, पुन्हा एक व्हिडिओ काढ, आणि मालकांबरोबर घरभर फिरून डिपॉझिटचा हिशेब उभ्या-उभ्या कर. कापलं तर कशाचं कापलं, ते लेखी माग.

एवढं सगळं ऐकून दमली असशील. आज यातलं दोनच कर: करार वाच आणि व्हिडिओ पाठव. उद्या एक पिवळा दिवा आण. आणि गोधडीसाठी आईला फोन करशील तेव्हा कुरिअरने पाठव असं म्हणू नकोस. "घेऊन ये, चार दिवस राहा" असं म्हण. भाड्याच्या घरात राहायला ती आधी आढेवेढे घेईल, मग तुझा डबे मांडायचा क्रम बदलून जाईल. तो तिला बदलू दे.