सही करण्याआधी

थेरगाव

चि. छकुली,

तुझे रिपोर्ट पाहिले. गाठ एकाच अंडाशयात दिसते, पोटात पाणी नाही. ती कॅन्सरची आहे का, ते ऑपरेशननंतरच कळेल. "मावशी, मला मूल होईल ना?" हे तू मला विचारलंस, पण डॉक्टरांना विचारायला लाजलीस. घरचे म्हणणार, आधी जीव वाचू दे. बरोबरच आहे. पण हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारायचा असतो. सगळं काढून झाल्यावर विचारून काय उपयोग?

आजार एकाच बाजूला असेल आणि गाठीची जात फार आक्रमक नसेल, तर तेवढं अंडाशय आणि नळी काढून दुसरं अंडाशय आणि गर्भाशय ठेवता येतं. तरुण मुलींत जर्म सेलच्या, म्हणजे बीज तयार करणाऱ्या पेशींच्या, गाठी जास्त सापडतात. त्यात केमोनंतरही बऱ्याच जणींची पाळी परत येते, मुलं होतात. आजार पसरलेला निघाला, तर मात्र हट्ट धरू नकोस.

संमतीपत्र मराठीत माग आणि ओळ न् ओळ वाच. 'गर्भाशय व दोन्ही अंडाशये' असं लिहिलं असेल तर सहीआधी थांब. ऑपरेशन चालू असतानाच काढलेल्या गाठीचा तुकडा तपासतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. त्यात नक्की कळलं नाही तर काय करणार, हे आधीच ठरवून घे. गाठ न फुटता अख्खी काढणार ना, हेही विचार. फुटली तर आजाराची स्टेज वाढते.

केमो लागणार असेल तर त्याआधी स्त्रीबीजं गोठवता येतील का, हे विचार. त्याला साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शनं लागतात. पण बीजं सुईने काढतात आणि गाठ असलेल्या अंडाशयात सुई घालणं टाळतात, म्हणून कॅन्सरचे आणि वंध्यत्वाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. लग्न झालेलं नाही म्हणून अडत नाही. 2021च्या कायद्याने 21 वर्षांवरच्या अविवाहित बाईलाही ही सोय घेता येते.

ऑपरेशननंतर परळच्या टाटा हॉस्पिटलचं मत घ्यायचं झालं, तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नकोस. गाठीच्या तपासणीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घे.

पुढे पाळी सुरू झाली म्हणजे सगळं झालं असं समजू नकोस. अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी एएमएचची रक्ततपासणी करून घे, आणि डॉक्टर म्हणतील तेवढं थांब. लग्नाची बोलणी त्यांच्या सल्ल्याने चालतील, आत्याबाईंच्या घाईने नव्हे.

चाकणहून सुट्टी टाकून ये. मी डांगे चौकात उभी राहीन, फाइल मी धरीन. प्रश्न मात्र तूच विचारायचेस.

तुझी,
मावशी