दरवर्षी फुलणारी शेवंती

ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद आणि इतर नेत्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथील जमीन दगडगोट्यांनी व जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली होती. नेहरूंनी उन्हातही ती खणून फुलांचे वाफे तयार केले. मौलानांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पत्रसंग्रहात या बागेचे वर्णन आहे.

या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. येथील बऱ्याच भागात पाऊस कमी पडतो. तरीही काळजी घेतली, तर येथे फुले भरपूर येतात. नगर तालुक्यातील अकोळनेर हे गाव फुलशेतीसाठी ओळखले जाते. तेथील शेतांत शेवंती फुलते. उर्दूत आपण जिला गुलदाऊदी म्हणतो, तीच ही शेवंती.

फुले संपली की शेवंतीचे झाड सुकल्यासारखे दिसते. ‘झाड मेले’ असे समजून पुष्कळ लोक ते उपटून टाकतात. पण जमिनीखाली मुळे जिवंत असतात. म्हणून झाड उपटू नये. जमिनीपासून चार बोटे उंचीवर ते कापावे व बेताने पाणी देत राहावे. काही दिवसांनी बुंध्याजवळून नवे कोंब वर येतात. मुळे फुटलेल्या या कोंबांना शेतकरी ‘काश्या’ म्हणतात. एका झाडापासून अशी अनेक नवी झाडे मिळतात.

एप्रिल-मे महिन्यांत काश्या लावाव्यात. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोन झाडांत एक फूट अंतर ठेवावे. कुंडीत लावायचे असेल, तर कुंडीच्या तळाला भोक असावे. कारण पाणी साचले की मुळे कुजतात. माती वरून सुकली की पाणी द्यावे. टंचाईच्या दिवसांत भाजी धुतलेले पाणीही चालते.

लागवडीनंतर सुमारे महिन्याने झाडाचा शेंडा खुडावा. शेंडा खुडल्यावर बाजूच्या फांद्या फुटतात. जितक्या फांद्या जास्त, तितकी फुले जास्त. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला, तर निंबोळीचा अर्क फवारावा.

पावसाळा संपत आला की दिवस लहान होतात आणि रात्री मोठ्या होतात. तेव्हा शेवंतीला कळ्या येतात. रात्रभर दिव्याचा उजेड पडत असेल, तर कळ्या उशिरा येतात. म्हणून कुंडी दिवसा उन्हात आणि रात्री अंधारात राहील अशी ठेवावी.

मुलांनो, यंदा फुले संपल्यावर शेवंती फेकू नका. तिच्या काश्या जपा. चार आपल्या घरी लावा आणि उरलेल्या शेजाऱ्यांना द्या.

स्वाध्याय
१. फुले संपल्यावर शेवंतीचे झाड का उपटू नये?
२. शेंडा खुडल्याने काय फायदा होतो?
३. तुमच्या घरातील एखाद्या फुलझाडाविषयी पाच वाक्ये लिहा.